नकाशात नसलेलं स्वयंपाकघर

आमच्या वन्सं गप्प बसल्या की घरातलं कुणीतरी थर्मामीटर शोधायला उठतं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या शाळेत होत्या, आणि आल्या दिवशीच त्यांनी मला घरातल्या प्रत्येक खुर्चीचा इतिहास सांगितला होता. त्यातला निम्मा खोटा होता हे मला पुढे कळलं. पण त्या खुर्च्या मला तेव्हापासून आपल्या वाटायला लागल्या, हेही खरं. हीच करामत पुढे त्यांच्या पोटापाण्याला उपयोगी पडली.

आमच्या शहराच्या जुन्या भागात एक दुमजली दगडी घर आहे. तिथे पूर्वी एक नकाशे काढणारा राहायचा. शहराचा पहिला धड नकाशा त्याने काढला. गल्ल्या, विहिरी, पूल, कुणाच्या अंगणातलं झाड कुठे आहे, सगळं त्यात आहे. नगरपालिकेने बऱ्याच वर्षांमागे त्या घराचं संग्रहालय केलं. लग्नानंतरही वन्सं आमच्या शेजारीच राहतात; मुलं मोठी झाल्यावर त्या तिथे तिकिटाच्या खिडकीवर लागल्या. एक दिवस घर दाखवणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला. बाहेर सहलीची बस उभी, आणि आत गृहस्थ नुसतेच हातवारे करताहेत. वन्संनी खिडकी लावली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला माझ्यामागे." तेव्हापासून त्या पुढे आणि लोक मागे. येणारे सगळे त्यांना मावशी म्हणतात.

त्यांची फेरी मी कितीदा ऐकली असेल. अभ्यासिकेतल्या खुर्चीचा उजवा हात झिजलेला आहे. वन्सं सांगणार, "पूल कुठे दाखवायचा हे ठरेना तेव्हा ते इथे बोट घासत बसायचे." जिन्याची चौथी पायरी करकरते. "मुलं उशिरा आली की या पायरीवर पकडली जायची." लोक माना डोलावतात, कुणीतरी पायरीवर मुद्दाम पाय देतं. मी एकदा विचारलं, "वन्सं, त्यांना मुलं होती का तरी?"

"पायरी करकरते की नाही?" म्हणाल्या. "मग कुणासाठी करकरत असेल?"

 मी कॉलेजात शिकलेली बाई. मला पुराव्याशिवाय पाणी पचत नाही. त्यांना पुरावा म्हणजे वाटेत पडलेला धोंडा वाटायचा.

आता स्वयंपाकघराचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. नकाशेवाल्यांनी स्वतःच्या घराचाही नकाशा काढून ठेवला होता. तो दिवाणखान्यात चौकटीत लावलेला आहे. प्रत्येक खोलीचं नाव सुरेख अक्षरात: अभ्यासिका, पाहुण्यांची खोली, वरची गच्ची, कबुतरांची पेटीसुद्धा. स्वयंपाकघराच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात फक्त "मागची बाजू". ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या विहिरी मोजल्या, त्याला आपलं जेवण कुठून येतं हे लिहावंसं वाटलं नाही. संग्रहालयानेही त्याचंच ऐकलं. मागच्या त्या खोलीला कुलूप होतं आणि आत मोडक्या खुर्च्या, बादल्या, लोकांनी विसरलेल्या छत्र्या.

वन्सं दर फेरीत त्या कुलपापाशी थांबायच्या. एरवी अखंड बोलणारी बाई तिथे एकच वाक्य बोलायची, "आणि इथे स्वयंपाक व्हायचा." मग पुढे. तिथे रचायला त्यांना कधी धीर झाला नाही, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्या सासूबाई एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला होत्या. शाळा सुटली की वन्सं तिथेच जायच्या. ओट्याखाली गोणपाट अंथरलेलं असायचं, त्यावर बसून पाढे, कविता, चित्रं. डॉक्टरांच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना मागे एक मुलगी वाढते आहे याचा पत्ताही नव्हता. म्हणून त्या बंद दाराशी वन्संचा पाय अडकायचा. येईल त्या प्रमुखाला त्यांनी विनवलं, की हे दार उघडा. प्रत्येकाने विचारलं, "उघडून दाखवायचं काय?"

नव्या संचालकबाई आल्या त्या कामसू. आल्या आल्या त्यांनी ठरवलं की मागच्या खोलीत स्वच्छतागृह आणि चहाचा कट्टा करायचा. मला विचाराल तर यात चूक काहीच नव्हती. एवढी माणसं येतात, त्यांनी जायचं कुठे? पण वन्सं त्या दिवशी घरी आल्या, चप्पल पायातच, आणि खुर्चीवर बसून राहिल्या. आमचे हे खरंच थर्मामीटर घेऊन आले.

"ताप नाहीये रे दादा," वन्सं म्हणाल्या. "त्या चुलीच्या जागी संडास करताहेत."

"मग काय बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"म्हटलं, करू नका. त्या म्हणाल्या, तिथे काय होतं ते दाखवा. गोष्ट नको, पुरावा आणा. मिळाला तर मी दुसरी जागा शोधते. नाही मिळाला तर नळवाले येतात त्या दिवशी काम सुरू."

"बरोबर बोलल्या."

"वहिनी, तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

"मी चहाच्या बाजूची," मी म्हटलं आणि आधण ठेवलं.

पुरावा यायची सोय मात्र आपोआप झाली. जुन्या वास्तूच्या आवारात नळाचा चर खणायचा तर आधी पुरातत्त्वाच्या माणसाने तो खणून बघायचा, असा नियम आहे. तशी एक बाई आली. वय पस्तिशीचं, डोक्याला फडकं, खिशात गवंड्याची असते तशी छोटी करणी, आणि दातात आडवी धरलेली पेन्सिल. दोन्ही हात कायम मातीत, त्यामुळे पेन्सिल तोंडातच, आणि बोलणं तिच्या दोन्ही बाजूंनी. निम्मे शब्द आपण ओळखायचे. सगळी माती चाळणीतून जायची म्हणून वन्संनी घरी तिचं नाव चाळणीबाई ठेवलं.

सुटीच्या दिवशी वन्सं चाळायला जाऊन बसल्या आणि मलाही ओढून नेलं. मला वाटलं होतं की नाणीबिणी निघतील. पहिल्यांदा निघाले ते गोळ्यांचे कागद, तिकिटांचे तुकडे, बाटल्यांची बुचं. चाळणीबाई प्रत्येक वस्तू तितकाच मान देऊन पिशवीत घालायची आणि वर लिहायची. मग वन्संच्या चाळणीत एक तपकिरी काडी आली. त्यांनी ती फुंकून बघितली.

"अगं वहिनी, ही माझ्या चष्म्याची काडी. दादाने रागावून नवा करून दिला होता बघ."

त्या ती खिशात टाकणार, तोच चाळणीबाई ओरडली, "अहो ठेवा ती. कुठे मिळाली?"

"माझी आहे हो ती."

"होती. आता ती वरच्या थराची आहे." पिशवीत काडी गेली, वर लिहिलं गेलं. "संग्रहालयाचा काळ. तुमच्यामुळे तारीख पक्की झाली, मावशी. आभारी आहे."

आपण जिवंतपणी थर झालो याचा वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी तीन शेजाऱ्यांना सांगितलं.

त्या थराच्या खाली पेन्सिली निघायला लागल्या. पाटीवरच्या, करड्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे. एक निघाला, मग दुसरा, मग चाळणीच्या प्रत्येक खेपेत एकदोन. टोकं चावलेली. पाटीवरची पेन्सिल खाल्ली नाही असं आपल्यात कोण आहे? वन्संनी एक तुकडा तळहातावर घेतला आणि त्यांचे डोळे बघून मी मनात म्हटलं, झालं, आता गाडी सुटली.

आणि सुटलीच. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेरीला कुलपापाशी एक वाक्य नव्हतं, अख्खी शाळा होती. चुलीभोवती कामवाल्यांची मुलं बसली आहेत, स्वयंपाकीणबाई एका हाताने ढवळते आहे आणि दुसऱ्या हाताने मुळाक्षरं गिरवून घेते आहे, धुराने पाट्या काळ्या व्हायच्या त्या पुसायला भोपळ्याचा तुकडा. लोक हरखले. एका बाईंनी डोळे टिपले. एका सद्गृहस्थांनी फळा भेट द्यायची तयारी दाखवली. संचालकबाई कुठे बाहेरगावी गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत ही शाळा चार इयत्तांची झाली होती.

मी त्या आठवड्यात एकदा डबा द्यायला गेले, तेव्हा चाळणीबाई चराच्या काठावर बसून वन्संची वाट बघत होती. पेन्सिल तोंडातून काढून हातात धरली होती, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"मावशी, बसा," ती म्हणाली. "ही माती इथली नाहीये."

"म्हणजे?"

"अंगणात पाणी साचायचं म्हणून कुणीतरी बाहेरून माती आणून ते उंच केलंय. भराव आहे हा. यात बघा, विटांचा चुरा, शाईच्या दौतींचे तुकडे, बाकाची बिजागरी. समोर शाळा आहे ना? ती पूर्वी वाढवली, तेव्हाची पाडापाडीची माती इथे टाकली असणार. पेन्सिली त्या शाळेच्या."

वन्सं म्हणाल्या, "सगळ्या?"

"सगळ्या असाव्यात असं मला वाटतं."

"एखादी तरी इथली असेल."

"असेल. पण कुठली ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही नाही."

"अहो, पण इथे मुलं असणारच. मोठं घर, मागे कामाची माणसं. त्यांची मुलं कुठे बसत असतील मग?"

चाळणीबाईने नेहमीपेक्षा हळू आवाजात सांगितलं, "मावशी, तुम्हाला हवंय म्हणून ती मुलं तिथे येणार नाहीत."

वन्सं उठून पुढच्या फेरीला गेल्या. डबा न खाता परत आला.

घरी संध्याकाळभर त्या भाजी निवडत बसल्या. निवडलेली पुन्हा निवडली. मला असली शांतता सहन होत नाही. मी म्हटलं, "वन्सं, आता करायचं काय ते ठरवा आणि भाजी सोडा."

"काय करणार? नळवाले येतील. संपलं."

"ते राहू दे. लोकांना जे सांगत सुटलात त्याचं काय?"

"लोक काय, ऐकतात आणि घरी जातात."

"घरी जाऊन आपल्या मुलांना सांगतात. एकजण फळा घेऊन येतोय."

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू माझी वहिनी आहेस की परीक्षक?"

"दोन्ही. आणि मला एक कळत नाही, बाहेरची माती बाहेरची, मान्य. पण खोली तर तिथलीच आहे ना? मग आत का खणत नाहीत?"

"परवानगी फक्त चराची आहे. आतलं खणायला संचालकबाईंनी हो म्हणायला हवं. त्या कशाला म्हणतील? माझ्या गोष्टी त्यांना माहीत आहेत."

 माझ्या मनातलं त्यांनीच बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकीट काढून त्यांच्या फेरीत शिरले. बरीच माणसं होती. खुर्ची झाली, पायरी झाली. कुलपापाशी आल्यावर वन्संनी पदर खोचला, हा त्यांचा सुरुवात करायचा नेहमीचा इशारा, आणि थांबल्या. संचालकबाई परतल्या होत्या, त्या जिन्याखाली उभ्या राहून ऐकत होत्या. वन्संनी त्यांना पाहिलं. मला वाटलं आता त्या नुसतं "इथे स्वयंपाक व्हायचा" म्हणून सटकतील.

"गेला आठवडाभर मी इथे एक गोष्ट सांगत होते," वन्सं म्हणाल्या. "इथे मुलं शिकायची अशी. ती गोष्ट माझी होती. मातीने तसं सांगितलेलं नाही." आणि त्यांनी भरावाचं सगळं सांगितलं. विटांचा चुरा, दौती, समोरची शाळा. खिडकीतून चर दाखवला. वरची काळी माती कुठे संपते, खालची तांबूस कुठे सुरू होते. "मधला हा सगळा पट्टा पाहुणा आहे. मी त्याला घरचा समजले."

मला वाटलं होतं लोक कंटाळतील. कसले कंटाळतात. खिडकीपाशी झुंबड उडाली. एकाने विचारलं, पाहुणा आहे हे कशावरून? दुसरीने विचारलं, मग घरचं कुठे असेल? एक म्हातारे म्हणाले, आमच्या घराखालीपण असा भराव असेल का? वन्सं उत्तरं देत होत्या, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे म्हणत होत्या, "ते अजून माहीत नाही." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा अडखळल्या. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यांना त्याची गोडी लागलेली मी डोळ्यांनी पाहिली. कारण त्या तसं म्हणाल्या की माणसं आणखी पुढे सरकत होती.

फेरी संपल्यावर संचालकबाई जवळ आल्या. "मावशी, खरं सांगू? तुमची फेरी ऐकताना मी रोज तोंडाला रुमाल लावून उभी असते."

"माहीत आहे मला. मला वाटायचं सर्दी आहे."

"आज रुमाल लागला नाही." त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. "घरचं आत असेल असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटण्यावर जाऊ नका," वन्सं म्हणाल्या. "बघू दे फक्त. नसलं तर मी स्वतः नळवाल्यांना चहा करून देईन."

"नळवाले येईपर्यंत बघा," संचालकबाई म्हणाल्या आणि किल्ली दिली.

छत्र्या बाहेर काढायला आम्ही सगळेच लागलो. संचालकबाईसुद्धा बाह्या सरसावून. आमचे हे "मी फक्त बघायला आलोय" म्हणत आले आणि मोडक्या खुर्च्या वाहून नेऊन कंबर धरून बसले. खोली रिकामी झाल्यावर दिसली ती भलीमोठी चूल, तिच्यावरचं धुराडं, एका भिंतीशी दगडी ओटा. जमिनीला फरशी होती. चाळणीबाईने चुलीजवळच्या फरशा उचलल्या. खाली जुनी, पायांनी तुडवून घट्ट झालेली जमीन. ती खूश झाली. म्हणाली, फरशी बसवल्यापासून इथे वरून काही पडलेलं नाही, जे आहे ते आतल्याच माणसांचं. बाहेरचा पाहुणा इथे शिरू शकत नाही.

पण होतं काय? राख. हाडं. शिंपल्याची बटणं. टाचण्या. मग पुन्हा राख. चाळणीबाईला त्यातही आनंद. हे बघा, इथे बसून कुणीतरी शिवायचंसुद्धा. संचालकबाई रोज डोकावून विचारायच्या, "काही?" आणि वन्सं सांगायच्या, "राख आहे, छान आहे." नळवाल्यांचे पाइप येऊन अंगणात पडले. वन्सं ते ओलांडून आत यायच्या आणि त्यांच्याकडे बघायच्या नाहीत.

शेवटी राहिला होता तो चुलीच्या आणि ओट्याच्या मधला कोपरा, जेमतेम एका माणसाने उभं राहण्यापुरता. चाळणीबाई तिथे ब्रशने माती सारत होती. वन्सं चाळत होत्या आणि मी बटणं धूत होते. चाळणी हलायची थांबली म्हणून मी वर पाहिलं. वन्संच्या तळव्यावर एक करडा तुकडा होता. पाटीवरच्या पेन्सिलीचा.

त्यांनी त्याची गोष्ट केली नाही. तुकडा सरळ चाळणीबाईपुढे धरला. शिकल्या होत्या.

त्या कोपऱ्यात तसे आणखी काही निघाले. आणि पाटीचा एक फुटका तुकडा, ओट्याच्या पायाशी रुतून बसलेला. संचालकबाईंना बोलावणं गेलं. चाळणीबाईने अंगणातले तुकडे आणले आणि ओट्यावर दोन्ही ढीग शेजारी मांडले. बराच वेळ ती कधी एक उचले, कधी दुसरा.

"अंगणातल्या टोकाला चावलेल्या आहेत," ती म्हणाली. दोन्ही हात भरले होते, नेहमीसारखी तिची स्वतःची पेन्सिल दातात आडवी. "या नाहीत. यांची टोकं चांगली आहेत. यांच्यावर दातांच्या खुणा मधोमध आहेत. दोन्ही बाजूंनी. मधोमध कोण चावतं?"

आम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. संचालकबाईंना आधी हसू फुटलं. मग मला. चाळणीबाई म्हणाली, "काय झालं?" आणि ते बोलताना तिची पेन्सिल दातात वरखाली झाली, तेव्हा तिलाही कळलं. तिने ती हळूच काढली आणि बघितली. मधोमध, दोन्ही बाजूंनी.

"हात भरलेले असले की," ती म्हणाली.

"हिशोब ठेवत असेल कुणीतरी," मी म्हटलं. "किती तेल, किती मीठ. पाटी काय फक्त शिकायलाच लागते?" शंका काढायची सवय जात नाही.

चाळणीबाईने मान हलवली. "शक्य आहे."

संचालकबाईंनी पाटीचा तुकडा धुऊन उजेडात नेला, तिरका धरला. त्यावर खिळ्याने ओढलेल्या बारीक रेघा होत्या. जवळजवळ दोन, मग अंतर, मग पुन्हा दोन. "ही दुरेघी आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर वळणदार यावं म्हणून. मिठाच्या हिशोबाला दुरेघी कशाला लागेल?"

माझी शंका तिथे संपली. मी मागे वळून बघितलं तर वन्सं चुलीच्या कडेवर बसल्या होत्या. मला वाटलं आनंदाने. आनंद होताच, पण दुसरंही काहीतरी होतं.

"वहिनी, मी रागवायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या पेन्सिलीला पीठ लागलेलं असायचं. मधोमध. मी ओरडायचे, आई, माझी पेन्सिल उष्टी केलीस."

मी सासूबाईंना पाहिलं तेव्हा त्या वर्तमानपत्र वाचत. ओठ हलवत, बोट फिरवत, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. कुठल्या शाळेत शिकल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. शिकल्या असतील, एवढंच धरून चालले होते.

"ओट्याखाली मी बसायचे ना," वन्सं सांगत होत्या, "तर ती वरून विचारायची, आज काय गिरवलं? मी पाटी वर द्यायचे. ती कणीक मळता मळता बघायची. मग हात झटकून एक अक्षर काढायची, की पुन्हा पेन्सिल तोंडात आणि हात परातीत. मला वाटायचं ती माझा अभ्यास तपासते." त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले. "तपासत नव्हती गं. शिकत होती. आणि मी इतकी वर्षं या दाराआड लहान मुलं बसवत होते. ओट्याच्या वर बघितलंच नाही."

चाळणीबाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मातीचाच. मग तिला आपलं काम आठवलं. "मावशी, हे तुमच्या आईचं. इथलं कोण होतं ते आपल्याला माहीत नाही."

"नाहीच माहीत," वन्सं म्हणाल्या. "इथे चुलीपाशी काम करणारं कुणीतरी अक्षरं गिरवत होतं, हात भरलेले असायचे तेव्हा पेन्सिल दातात धरत होतं. एवढं म्हणू ना?"

"एवढं म्हणा."

"बाई की बुवा?"

"माहीत नाही."

"नाव?"

"माहीत नाही."

"बघितलंत?" वन्सं संचालकबाईंकडे वळून म्हणाल्या. "किती दाखवण्यासारखं आहे."

संचालकबाईंनी अंगणात जाऊन नळवाल्यांना फोन लावला. स्वच्छतागृह आता कुंपणाशी बागकामाच्या छपरीच्या जागी झालं आहे, आणि ते चांगलं झालं आहे, मी वापरून पाहिलं. चहाचा कट्टाही तिथेच. फळावाले सद्गृहस्थ आले होते. वन्संनी त्यांना भरावाची सगळी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी फळा समोरच्या शाळेला देऊन टाकला.

स्वयंपाकघर उघडलं त्या दिवशी आम्ही सहकुटुंब गेलो. दारावर पाटी लावायची तर काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली होती. शेवटी वन्संच्या म्हणण्यावरून नकाशेवाल्यांचेच शब्द ठेवले, "मागची बाजू", त्यांच्याच वळणाच्या अक्षरात. आत काही भरताड केलेलं नाही. चूल, ओटा, फरशीचा तो उघडा कोपरा, आणि भिंतीशी एक काचेची पेटी. वन्सं लोकांना ओट्यापाशी उभं करतात, दोन्ही हात परातीत आहेत असं समजा म्हणतात, आणि विचारतात, "आता पेन्सिल कुठे ठेवाल?" माणसं थोडी घोटाळतात. मग एकेकाचं तोंड उघडतं. ते बघायला मी अजूनही अधूनमधून तिकीट काढते.

जिन्याच्या पायरीचं विचाराल तर ती अजून मुलांसाठीच करकरते. फक्त आता त्या आधी म्हणतात, "ही माझी गोष्ट आहे हं." लोकांना ती तरीही आवडते.

पेटीत तीन कप्पे आहेत. उघडलं त्या दिवशी गर्दी पांगल्यावर आमचे हे चष्मा वर करून वरच्या कप्प्यात बघत होते. तिथे गोळ्यांचे कागद, बुचं आणि एक तपकिरी काडी.

"ही तर मी पैसे भरलेली काडी," हे म्हणाले.

"हो रे दादा. मी आहे ती, वरच्या थरात." वन्संनी काचेवर बोट टेकवलं आणि सावकाश खाली आणलं, मधल्या कप्प्यातल्या चावलेल्या टोकांच्या ढिगावरून, अगदी तळाशी, जिथे मधोमध खुणा असलेले ते मोजके तुकडे आणि दुरेघीची पाटी आहे. "आणि ही ती."

"कोण ती?"

वन्सं उत्तर द्यायला तोंड उघडतात असं मला दिसलं. मग त्यांनी ते मिटलं, आणि हसत माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. यांनी काळजीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.